गोळा तेवढाच, पोळी केवढी?

कोल्हापूर,
रविवार, दुपारी अडीच

प्रिय नंदे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. साडेसहा मिनिटांतली पाच कॅलगरीच्या थंडीवर, एक जावयाच्या गुडघ्यावर आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात खरा प्रश्न: ऋचानं वाढदिवसाला कॅमेरा दिलाय, त्यात एल, एम, एस असं काहीतरी आहे, मी आपला एसवर ठेवलाय, कार्ड भरायला नको, बरोबर ना? एवढं ऐकलं आणि हातातली कपबशी खाली ठेवली. हे उत्तर बोलून द्यायचं नाही, पत्रच लिहायचं, असं ठरवलं. आमचे हे म्हणाले, "एका अक्षराचं उत्तर आहे, त्याला पत्र कशाला?" त्यांना काय कळतंय.

ते एक अक्षर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी हरकत नाही. एल. आत्ता ऊठ, कॅमेरा एलवर ठेव, आणि मग चहा करून घेऊन बस.

तू एसवर का ठेवलास ते मला न सांगता कळलं. आपण रोलच्या जमान्यातल्या बायका. छत्तीसचा रोल, जपून चढवला तर सदतीस निघायचे, नशीब जोरावर असेल तर अडतीस. आठवतं का, महाबळेश्वरच्या सहलीत अख्ख्या वर्गात एक कॅमेरा होता आणि बाईंनी फोटोंचं रेशन ठरवून दिलं होतं: चार वेण्णा लेकवर, चार पॉइंटांवर, उरलेले प्रतापगडासाठी. तू हलल्यामुळे एक वाया गेला म्हणून परत येईपर्यंत तुला सगळ्यांनी बोलून घेतलं. ती काटकसर हाडात मुरलीय. रोल गेला, पण हात आखडताच राहिला. फक्त आता आपण रोल वाचवायच्या ऐवजी पिक्सेल वाचवतो.

मीही वाचवले होते. मागच्या हिवाळ्यात आम्ही भिगवणला गेलो, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, रोहित पक्षी बघायला. दोन दिवस राहायचं म्हणून मी शहाणपणानं कॅमेरा एसवर टाकला. पहाटेची नाव, पाण्यावर धुकं, नावाडी हळू आवाजात पक्ष्यांची नावं सांगतोय. रोहित लांबच होते, गुलाबी रेघ दिसावी तेवढे. पण एका खुंटावरून कवड्या खंड्या उठला. तो काळापांढरा, ठिपक्याठिपक्यांचा असतो बघ. उठला आणि पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबला, मान खाली, चोच नेमकी खाली रोखलेली. दोन सेकंद असेल. मी दाबलं. आणि फोटो अगदी स्वच्छ आला गं! डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकासुद्धा दिसत होता. फक्त पक्षी मधोमध, मुठीएवढा, आणि चारी बाजूंना नुसतं पाणी.

घरी येऊन म्हटलं, कापून भिंतीवर लावू. आता हिशेब ऐक. माझ्या निकॉनवर एल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके, गुणाकार केला की २ कोटी ४० लाख, म्हणजे ते २४ मेगापिक्सेल. एस म्हणजे २९९२ बाय २०००, जेमतेम सहा. पक्ष्याभोवती थोडी मोकळी जागा ठेवून कापलं, तर रुंदीचा चौथा हिस्सा उरला. म्हणजे ७४८ ठिपके रुंद आणि ५०० उंच. हातात धरून बघायचा फोटो नितळ यायचा तर इंचाला ३०० ठिपके लागतात. ७४८ भागिले ३०० किती? अडीच इंच. माझा खंड्या काडेपेटीएवढा निघाला. तोच एलवर काढला असता तर कापल्यावर १५०० बाय १००० राहिले असते आणि पोस्टकार्डाएवढा छान प्रिंट मिळाला असता. भिंत नाही, पण टेबलावरच्या फ्रेमचं काम झालं असतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटोवाला आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, मोठा करून दे. तो म्हणाला, "काकू, फाटतोय." हा त्यांचा शब्द. फोटो फाटतो म्हणजे कागद फाटत नाही. ठिपके एवढे मोठे होतात की चित्राच्या जागी चौकोन चौकोन दिसायला लागतात. मला तो शब्द फार आवडला, कारण तो पोळीला तंतोतंत लागू पडतो. गोळा तेवढाच आहे. त्याचा फुलका लाट, नाहीतर परातीएवढी पोळी लाट. मोठी लाटशील तशी पातळ होत जाणार, आणि एका टप्प्यावर पोळपाट दिसायला लागणार. कॅमेऱ्यातलं एल, एम, एस म्हणजे गोळा केवढा घ्यायचा, एवढंच. क्रॉप करणं म्हणजे त्या गोळ्यातला चिमटा तोडून तेवढ्याचीच पोळी करायची.

आणि इथेच सगळे फसतात. अर्धी रुंदी, अर्धी उंची ठेवली की आपल्याला वाटतं निम्मा फोटो कापला. निम्मा नव्हे, तीन चतुर्थांश गेला! चोवीसचे सहा झाले. तुझ्या कॅननवर एम म्हणजेही निम्मं नाही हो. चोवीसवाल्या कॅननमध्ये एम ३९८४ बाय २६५६ असतो, म्हणजे साडेदहाच्या आसपास, निम्म्याहून कमी. एसमध्ये आणखी दोन असतात. पहिला जवळपास सहा, दुसरा चारसुद्धा नाही. मधला पर्याय घेतला की आपण समंजस, अशी आपली समजूत असते. एमवर ठेवणाऱ्याला वाटतं मध्यममार्ग साधला. मला तर त्यात काहीच अर्थ दिसत नाही.

कार्ड भरेल म्हणतेस? तुझ्या कॅमेऱ्यातून एलचा फोटो साधारण सात ते बारा एमबीचा होईल. ६४ जीबीच्या कार्डात असे निदान पाच हजार बसतील. पाच हजार फोटो काढलेस तर जावईबापूच कॅमेरा लपवून ठेवतील.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील शुभीनं घाबरवलं. कापायचंच नसेल तर एससुद्धा वाईट नाही. चार बाय सहाच्या प्रिंटला १८०० बाय १२०० ठिपके पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर. लोक पन्नासचा फोन घेऊन चार बाय सहा छापतात, ते म्हणजे वाटीभर आमटीला पिंपभर पाणी. आठ बाय बाराला साडेआठ-नऊ लागतात, बारा बाय अठराला वीसच्या आसपास. त्याहून मोठं छापायचं असेल तर तीनशेचा हट्ट सोडायचा, कारण मोठा फोटो कोणी नाकाशी धरून बघत नाही. एका फुटावरून डोळ्याला इंचात तीनशेच्या आसपास ठिपके वेगळे कळतात. तीन फुटांवरून शंभरही कळत नाहीत, दहा फुटांवरून तीसच. म्हणून तर आपल्या चौकाचौकात भाऊंच्या वाढदिवसाचे ते फ्लेक्स खपून जातात. जवळ जाऊन बघ कधी, भाऊंचा गाल म्हणजे नुसती फरशी असते. सिग्नलवरून मात्र अगदी तुकतुकीत.

तेव्हा जूनमधल्या सहलीतला लुईझ लेकचा फोटो दिवाणखान्यात वीस बाय तीस इंचांचा लावायचं मनात असेल तर खुशाल लाव. एलवर काढलास आणि न कापता छापलास, तर इंचाला दोनशे पडतील. सोफ्यावरून बघणाऱ्याला ते भरपूर.

एक गोष्ट मात्र लिहू की नको असं चाललं होतं. लिहितेच.

अण्णा गेले हे तुला कळवलं होतं. माझे थोरले दीर. आमच्या लग्नात तुझ्या पानात चौथा लाडू टाकून "परदेशी जाणार तू, तिथे कोण वाढणार" म्हणणारे. तेराव्याला फोटो हवा, हार घालायला. सगळं घर शोधलं. अण्णांना फोटोचा कंटाळा, कॅमेरा दिसला की पाण्याची मोटर बघायला जायचे. शेवटी पुतण्याला व्हॉट्सअॅपच्या कुटुंबाच्या गटात एक सापडला, भाचीच्या लग्नातला. बावीस माणसं, दोन रांगा, मागच्या रांगेत उजवीकडून तिसरे अण्णा, आणि हसताहेत! आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो.

आता बघ. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो रुंदीला साधारण १६०० ठिपक्यांवर आणून ठेवतात. एका रांगेत अकरा माणसं. माणशी दीडशेसुद्धा नाहीत. अण्णांचा चेहरा मोजला, तर सत्तर ठिपके रुंद. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो होता १०० बाय १०० ठिपक्यांचा, पावणेचार किलोच्या आसपास वजन, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. अण्णांच्या वाट्याला त्या खोक्याएवढेही ठिपके आले नव्हते. बारा बाय अठराचा प्रिंट निघाला तो बघवेना. मग पुतण्यानं कुठल्याशा अॅपमधून तो 'क्लिअर' करून आणला. त्वचा गुळगुळीत, दात मोत्यांसारखे. पानानं रंगलेले अण्णांचे दात! आणि डाव्या भुवईवरची खोक, लहानपणी विटी लागलेली, ती गायब. कॉम्प्युटरला ती दिसलीच नव्हती, त्यानं आपल्या मनानं भुवई भरून टाकली. जाऊबाई फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोण?"

शेवटी त्या लग्नाच्या फोटोग्राफरला गाठलं. त्या भल्या माणसानं मूळ फाइल ठेवली होती, रुंदीला पुऱ्या ६००० ठिपक्यांची. त्यातला चेहरा अडीचशेच्या वर भरला. खांद्यापर्यंत कापल्यावर ६०० बाय ९०० आले. तेवढ्यावर बारा बाय अठरा होत नाही, हे आता मला कोणी सांगायला नको होतं. चार बाय सहाच छापला, इंचाला दीडशे, आणि मोठ्या चौकटीत चारी बाजूंना रुंद पांढरा माउंट सोडून मधोमध बसवला. भिंतीवर तीन फुटांवरून अगदी अण्णा. खोकेसकट. जाऊबाईंनी हार घातला.

म्हणून गं, गटातून आलेल्या फोटोवर मी आता विसंबत नाही. महत्त्वाचा फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. तसा पाठवला की एकही ठिपका कमी होत नाही. आणि घरातल्या प्रत्येक कार्यात मी म्हाताऱ्या माणसांचा एकेकट्याचा, जवळून, एलवर एक फोटो काढून ठेवते. कशासाठी ते कोणाला सांगत नाही.

बरं, आता जरा हलकं. आकाराचा एक घोळ असतो तो ऐक. तुझ्या कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन असतो, जुन्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या रोलचंच ते प्रमाण. चार बाय सहा, आठ बाय बारा यांत तो चपखल बसतो. पण तुमच्याकडे दुकानांत आठ बाय दहाच्या फ्रेमा ढिगानं मिळतात, त्यात बसवायचा तर लांबीतले दोन इंच गेले, सहावा हिस्सा. फोनचा फोटो उलट चारास तीन, जास्त चौकोनी. तो चार बाय सहावर छापला की वरखालून मिळून नववा हिस्सा उडतो. गणपतीत आमच्या सगळ्या सुनांचा एक फोटो काढला होता, डोक्यावर बोटभरही जागा न सोडता. छापून आला तेव्हा सहाही जणींचे गजरे गेले होते. तेव्हापासून कडेला मोकळी जागा सोडते. क्षितिज वाकडं आलं तर सरळ करतानाही कडा जातात, बरं का. तीन अंश फिरवलं तरी जवळजवळ सातवा हिस्सा जातो. तलावाचे फोटो काढशील तेव्हा हे हमखास होणार, तू लहानपणापासून उजवीकडे कलतेस.

एल ठरलं की त्याच्याशेजारी आणखी एक निवड दिसेल. माझ्याकडे फाइन, नॉर्मल, बेसिक असं लिहितात. तुझ्या कॅननवर पाव वर्तुळाची खूण असेल, एक गुळगुळीत आणि एक पायऱ्यापायऱ्यांची. गुळगुळीत घे. ठिपके दोन्हींत तेवढेच असतात, पण फाइल लहान करायला जेपेग चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडून त्यातला बारकावा टाकून देतं. जास्त दाबलं की निळ्या आभाळात ते चौकोन दिसतात, आणि बॅन्फला आभाळ भरपूर. रॉ नावाचाही पर्याय आहे, तो सध्या विसर. त्याला नंतर कॉम्प्युटरवर रांधायला लागतं, आणि तुला मी ओळखते.

प्रिंटवाला तुला विचारेल, "फोटो ३०० डीपीआयचा आहे का?" घाबरू नकोस. फाइलच्या माहितीत ७२ लिहिलेलं असो की ३००, ते नुसतं लेबल. त्याला म्हण, ६००० बाय ४००० आहे, भागाकार तू कर.

आणि झूम. फोनवर दोन बोटांनी ताणून दहापट जवळ आणतेस ना, त्यात भिंगाचा वाटा संपला की उरलेलं सगळं कापणंच असतं. फोन तुझ्या आधी कापतो आणि उरलेलं फुगवून दाखवतो. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा. जाता येत नसेल तर न ताणता काढ आणि घरी शांतपणे काप, निदान कुठे कापायचं ते तुझ्या हातात राहील. पन्नास मेगापिक्सेलचे फोन एरवी चार-चार ठिपके एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतात. पुढे कापायचं असेल आणि लख्ख ऊन असेल तर पन्नासवर टाकावा. संध्याकाळी नको, धान्यात खडे यावेत तसे दाणे येतात.

ऋचा म्हणते खरे फोटोग्राफर कापत नाहीत. तिला सांग, हे मत आंरी कार्तिए-ब्रेसाँचं, आणि त्याचा डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ सालचा पॅरिसचा जगप्रसिद्ध फोटो कापलेलाच आहे; डावीकडे कुंपणाची फळी आली होती. चे गव्हेराचा तो टोपीवाला चेहरा, ५ मार्च १९६० ला हवानात आल्बेर्तो कोर्दानं टिपलेला, ज्याचे टी-शर्ट आपल्या महाद्वार रोडवरही मिळतात, त्या मूळ फोटोत एका बाजूला दुसराच माणूस आणि दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या आहेत. कापण्यात पाप नाही. कापून उरायला हवं, एवढंच.

जूनमध्ये लुईझ लेकला जाल तेव्हा त्या हिरव्यानिळ्या पाण्यात लाल होड्या दिसतील. त्यातल्या एकीत ऋचाला बसव आणि तू काठावरून काढ, भोवती भरपूर पाणी ठेवून. मग मला तो डॉक्युमेंट म्हणून पाठव, साधा पाठवलास तर उघडणार नाही. कुठे कापायचा ते मी ठरवते. आणि त्या सहलीत कार्ड भरलंच, तर कळव. दुसरं मी पाठवते इथून, कुरिअरचा खर्च माझा.

तुझी,
शुभा

ता. क. एसवर काढलेले फोटो पुसून टाकू नकोस. न कापता चार बाय सहावर उत्तम येतील. अंगणातल्या बर्फात तू सोलापुरी चादर पांघरून उभी आहेस, तो आधी छाप.